विहीणबाईंचा तांदूळ

शैलाताई, या अशा इकडे, जवळ बसा. त्या पंख्याखाली नको, इथे माझ्याशेजारी. तुम्हाला थोडं रागवायचंय मला. फोनवर रागवावं म्हटलं तर तुम्ही 'हॅलो, हॅलो, आवाज येत नाही' म्हणून ठेवून देता, आणि मिरज काही आमच्या आखातातल्या अल ऐनच्या शेजारचं स्टेशन नाही की मी उठून येईन. म्हणून हे पेपरात लिहितेय. रविवारची पुरवणी तुम्ही चष्मा पुसून पहिल्या पानापासून वाचता, ठाऊक आहे मला. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. गोष्ट तुमच्या थोरल्या बहिणीची आहे आणि माझ्या विहीणबाईंची, म्हणजे एकाच बाईची. माझं शिक्षण सातवी, पुढचं सगळं अशाच पुरवण्या वाचून झालेलं, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मालतीबाई गेल्या त्याला आता काही आठवडे झाले. अमृता, त्यांची लेक आणि माझी सून, अस्थी घेऊन मिरजेला आली तेव्हा तुम्ही तिला पोटाशी धरलंत, मऊ वरणभात वाढलात, कृष्णेवर तिच्याबरोबर गेलात. सगळं सगळं केलंत. आणि निघताना दारात म्हणालात, "आयुष्यभर कुणाची मिंधी झाली नाही माझी ताई, आणि शेवटी लेकीच्या दारात गेली." दुःखात बोललात, मला कळतं. पण ते वाक्य अमृता विमानातून इथवर घेऊन आली हो. बॅगेत नव्हतं म्हणून वजनात धरलं नाही, एवढंच. आली तशी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मला म्हणाली, "आई, मी तिला जबरदस्तीनं ठेवून घेतलं का?" तेव्हापासून रोज या ना त्या रूपात तेच विचारते. पोर वाळत चाललीय. म्हणून जे घडलं ते सांगते, नीट ऐका.

बातमी आली तेव्हा मी रास अल खोरच्या घाऊक बाजारात होते. नितीन, माझा मुलगा, अधूनमधून सुट्टीच्या दिवशी मला तिकडे दुबईला घेऊन जातो. लांब पडतं, पण तिथल्यासारखी भाजी आमच्याकडे मिळत नाही. सकाळी निघताना विहीणबाई दारापर्यंत आल्या होत्या. चौकट धरून म्हणाल्या, "शेवग्याच्या शेंगा बघून आणा. मागच्या वेळी लाकडं आणलीत." मी म्हटलं, "मग तुम्हीच चला निवडायला." "मी आले तर तुम्हाला काही कामच उरणार नाही," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. हे आमचं शेवटचं बोलणं... दुपारी मी एकेक शेंग वाकवून बघत होते आणि नितीनचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, माझ्याकडे बघितलं, आणि भाजीवाल्याला म्हणाला, "खलास भाई, बस इतना ही." मला वाटलं, घासाघीस थांबवतोय. गाडीत बसल्यावर सांगितलं, "आई, अमृताची आई गेली. जेवल्या, जरा आडव्या झाल्या, आणि गेल्या."

मी काय विचारलं असेल? "एकट्या नव्हत्या ना?" एवढंच. "नाही," नितीन म्हणाला, "अमृता पायाशी बसली होती. पाय चेपत होती." तेव्हा शैलाताई, रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. छातीवरचा पाटा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं. मांडीवर शेंगांची जुडी धरून मी घरापर्यंत आले, आणि रडले ती नंतर.

हायसं का वाटलं, ते कळायला मागे जावं लागेल.

लग्नात पहिल्यांदा गाठ पडली तेव्हाच मी ओळखलं होतं की हे पाणी वेगळं आहे. मुलीची आई म्हणून वाकणं नाही, ओशाळणं नाही. पोस्टाच्या खिडकीमागे बसून आयुष्य काढलेली बाई. माणसाकडे बघायच्यासुद्धा त्या खिडकीतून बघितल्यासारख्या... काय काम आहे ते सांगा, झालं, पुढचे या. नवरा लवकर गेलेला, एकच लेक, ती एकटीनं शिकवलेली. कुणाकडून सुईसुद्धा उसनी आणली नाही, हे तुमच्याकडूनच मी ऐकलंय. मग इरा झाली, आमची नात. तेव्हा आम्ही अबू धाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत राहायचो, माझे यजमान होते, शेजारच्या मुसफ्फामध्ये आमचं छोटंसं काँट्रॅक्टिंगचं काम होतं. विहीणबाई बाळंतपणाला आल्या. बॅग उघडली तर डिंकाचे लाडू, बाळंतविडा, झबली-टोपडी, आणि तळाशी एक मोठी पिशवी आणि एक चिमुकला कुकर.

"हे काय?" मी विचारलं.

"माझा तांदूळ. आंबेमोहोर. चहापावडर पण आणलीय."

"का बाई, आमच्याकडे तांदूळ नाही?"

"तुमच्याकडे असेल. मी लेकीच्या घरी आलेय."

जुनी रीत मलाही ठाऊक होती. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. मी म्हटलं, "आता नात झाली की, रीत संपली." तर म्हणतात, "रीत संपली, सवय नाही संपली." झालं. एका ओट्यावर दोन कुकर, दोन शिट्ट्या. यजमान म्हणायचे, "आपण खानावळ काढलीय का?" आणि त्या पिशवीचा तांदूळ तळाला लागला की विहीणबाई तिकिटाचं बघायला लागायच्या. कितीदा आल्या, कितीदा गेल्या, पण पिशवीपलीकडे एक दिवस राहिल्या नाहीत. इथं सगळ्यांचा व्हिसा पासपोर्टवर असतो. त्यांचा तांदळावर होता.

मग तो मिरजेचा प्रसंग. तुम्हाला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांना ठाऊक नाही. तुम्ही मुलाकडे गेला होतात, आणि विहीणबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. मनगट मोडलं, कमरेला मार, उठता येईना. इकडून अमृता फोन करत होती. फोन बाहेरच्या खोलीत. तो वाजताना त्यांना ऐकू येत होता, थांबताना ऐकू येत होता, परत वाजताना ऐकू येत होता. दूधवाल्यानं दार ठोठावून शेजाऱ्यांना हाक मारली तेव्हा सुटका झाली. विहीणबाईंनी ते एकदाच सांगितलं, तेही हसत. "माझी लेक चिवट आहे हो, कंटाळली नाही." अमृता मात्र तेव्हापासून फोन एकदा वाजून उचलला गेला नाही की पांढरी पडायची. कुणाचाही असो.

ती जाऊन आईला घेऊन आली. तोवर यजमान गेले होते आणि नितीनच्या नोकरीपायी आम्ही अल ऐनला आलो होतो. विहीणबाई प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून विमानातून उतरल्या, आणि बॅगेत तांदूळ होताच. एका हातानं तर भरता येत नव्हता, मग कुणी भरून दिला? तुम्हीच, शैलाताई. बोला आता.

घरात त्यांच्यासाठी स्वतंत्र खोली होती, मोठं कपाट होतं. पण बॅग खाटेखाली, आणि रोजचं लुगडं त्या बॅगेतून काढायच्या, तिथेच परत ठेवायच्या. खुर्चीवर बसायच्या तर पुढच्या काठावर, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तशा. फ्रिज उघडताना विचारायच्या. स्वतःच्या लेकीच्या घरचा फ्रिज. अमृतानं एकदा विषय काढला, "आई, तू आता इथेच राहा. नितीन तुला स्पॉन्सर करेल, रीतसर व्हिसा होईल." झालं, आगीत तेल.

"जावई माझा स्पॉन्सर? अधिकात जावयाला वाण द्यायचं असतं. त्याच्या नावावर राहायचं नसतं."

"मग माझ्या नावावर करू."

"लेकीच्या नावावर तर त्याहून नाही. हात बरा झाला की मी जाणार."

"आणि परत पडलीस तर?"

"तर उठेन."

अमृता गाडीत जाऊन रडायची, हे मला खिडकीतून दिसायचं. मग माझ्याकडे यायची, "आई, तुम्ही सांगा ना तिला. तुमचं ऐकेल." मी म्हटलं, "बाळ, मी 'राहा' म्हटलं तर त्या उद्याच निघतील. मुलाच्या आईनं 'राहा' म्हणणं म्हणजे उपकार. आणि उपकार दिसला की तुझी आई चप्पल शोधते." प्लास्टर निघालं, आणि त्यांनी इरालाच लॅपटॉपवर बसवून स्वतःचं परतीचं तिकीट काढून घेतलं. इटलीहून आल्यावर लगेचचं.

हो, इटली. ती सहल नितीननं आधीच ठरवली होती. इराला शाळेत चित्रकलेचं वेड लागलं होतं, तिला फ्लॉरेन्सची म्युझियम बघायची होती. मला एकटीला मागे ठेवता येईना, विहीणबाईंना ठेवता येईना, म्हणून दोन्ही आज्यांची वरात निघाली. राहायला नितीननं स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं होतं. पोचल्या पोचल्या विहीणबाईंनी हँडबॅगेतून काय काढलं असेल? पिशवी. "घर जावयानं केलंय, निदान भात तरी माझा."

आता म्युझियमं मला काय कळणार, आणि त्यांना तरी काय. पण आम्ही दोघी मनापासून बघत होतो. दगडी रस्ते, गुडघ्यांचा कुरकुर आवाज, आणि दोन साड्या पुढेमागे. आधी तो संगमरवरी पोरगा बघितला. लांब दालनाच्या टोकाला उभा, उंच, अंगावर सुतळी नाही, खांद्यावर गोफण तेवढी. मी आपली पदराचे काठ बघायला लागले. विहीणबाई थेट बघत होत्या, वरपासून खालपर्यंत, कागदपत्र तपासावं तसं. मग म्हणाल्या, "पंजे बघा त्याचे. अंगाच्या मानानं मोठे आहेत. वाढत्या वयातलं पोर आहे, अजून भरायचंय." आणि बोटानं दाखवलं.

"आजी, डोन्ट पॉइंट. एव्हरीवन इज लुकिंग," इरा म्हणाली.

"बघू देत. बघायलाच आलेत सगळे."

मग पुलापलीकडचा तो राजवाडा. तिथे भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत चित्रं, चित्राला चित्र चिकटून, सोनेरी चौकटींना श्वास घ्यायला जागा नाही. मी दमले. विहीणबाई म्हणाल्या, "कुणाकडचं एवढं रुखवत मांडलंय हो? वरपक्ष फारच मोठा असणार." मी म्हटलं, "तुम्ही आमच्या वेळी इतकंसं मांडलं होतं." "तुमचा पक्षही इतकासाच होता." आम्ही तिथे अशा हसलो की अमृतानं आम्हाला बाहेर बागेत नेऊन बसवलं. पण शैलाताई, हसू काही टिकायचं नाही. तिकिटाची तारीख जवळ येत होती. अमृता आईकडे बघायची, आणि आईनं बघितलं की नजर भिंतीवरच्या चित्राकडे वळवायची.

नदीकाठचं सगळ्यात मोठं म्युझियम शेवटी ठेवलं होतं. नितीन म्हणाला, "यल्ला, चला, तुम्ही बघा, मी बाहेर कॉफी पितो." आम्ही चौघी आत गेलो. सुरुवातीच्या दालनांत मेरी आणि बाळ, मेरी आणि बाळ. मागे सोन्याची पाठ, मांडीवर लेकरू. एक झालं की दुसरं. "सगळ्या लेकुरवाळ्या एका रांगेत बसवल्यात," विहीणबाई म्हणाल्या, "हळदीकुंकवाला बसवाव्या तशा." एका चित्रापाशी मात्र त्या थांबल्या. बाळ इतकं गुटगुटीत, मांडीला वळ्या, आणि डोळे आपल्यावर रोखलेले. "एवढी माणसं रोज टक लावून बघतात," त्या म्हणाल्या, "आणि दृष्ट काढायला कुणी नाही." मी काही बोलायच्या आत त्यांनी दोन्ही हात बाळावरून फिरवले, डोळे मिटले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा. पडल्यापासून पहिल्यांदाच त्या मनगटात एवढा जोर आला होता. त्या शांत दालनात आवाज असा घुमला की सगळे वळले.

तिथली राखणदार बाई धावत आली. तिनं काय बघितलं? एक म्हातारी, हात कानशिलांवर, डोळे मिटलेले, हाडं वाजतायत. तिला वाटलं, हिला काहीतरी झटका आला. "सिन्योरा, सिन्योरा," करत तिनं विहीणबाईंना कोपरापाशी धरलं आणि शेजारच्या दालनात नेऊन बाकावर बसवलं. अमृता मागून इंग्रजीत सांगतेय, "नो, नो, शी इज फाइन. इट्स फॉर द बेबी." ती बाई घाबरून इकडे तिकडे बाळ शोधायला लागली. शेवटी पाणी कुठे मिळेल ते दाखवायला अमृताला घेऊन गेली. विहीणबाई बाकावर काठाला बसल्या, नेहमीसारख्या, आणि मी शेजारी. आणि समोर ते चित्र.

मेरी आणि बाळ होतेच. पण मेरीच्या मागे, तिला जवळजवळ मांडीवर घेऊन, आणखी एक बाई बसलेली. वयस्कर, डोक्यावरून पदरासारखं घेतलेलं, तोंडावर थकवा. विहीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. "ही कोण?"

इरानं खालची पाटी वाचली. "दॅट्स मेरीज मदर, आजी." आणि ती आईच्या मागे पळाली.

"मेरीची आई," मी म्हटलं.

"म्हणजे लेकीकडे राहते?"

"राहत असेल. आहे तर चित्रात."

"आणि सासू?"

मी चष्मा नीट केला. मागे पडदा धरून उभी असलेली पंखवाली पोरं होती, सासू नव्हती. "सासू नाही दिसत."

"मी मघापासून बघतेय," विहीणबाई म्हणाल्या. "इतक्या खोल्या झाल्या, एकाही चित्रात सासू नाही. तुमच्या बाजूचं कुणालाच घेतलेलं नाही हो, विहीणबाई."

"बरं झालं सांगितलंत. म्हणजे या घरात जास्तीची मी. तुमचं तिकीट माझ्या नावावर करा, मीच जाते."

त्या हसल्या, पण नजर चित्रावरून हलली नाही. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "हिनं तांदूळ आणला असेल का?"

शैलाताई, मला हसावं की काय ते कळेना. बाई खरंच विचारत होती. चेहरा सांगत होता. मी पुढे वाकून बघितलं आणि म्हटलं, "हातात तर काही दिसत नाही. एक हात लेकीच्या खांद्यावर आहे. दुसरा बाळाच्या डोक्यावर ठेवलाय."

"ठेवलेला नाही," त्या म्हणाल्या. "नीट बघा. वर धरलाय. टेकवलेला नाही. ठेवू का नको, असं चाललंय तिचं."

मी परत बघितलं. खरंच. तळवा उघडा, बाळाच्या केसांवर, मध्ये बोटभर हवा. इतकी माणसं त्या चित्रासमोरून जात होती, कुणाला दिसलं असेल काय माहीत. मी एवढंच म्हणाले, "ठेवावा तिनं. बाळ काही पावती मागत नाही." पोस्टातल्या बाईला आणखी काय सांगणार? अमृता पाण्याची बाटली घेऊन आली, "आई, बरं वाटतंय का?" म्हणून त्यांच्या पायाशी बसली, आणि बाटलीचं झाकण उघडायला तिनं मान खाली घातली. विहीणबाईंचा हात उचलला गेलेला मी बघितला. तिच्या केसांवर आला. थांबला... मग टेकला. अमृतानं मान वर केली नाही. हलली असती तर हात निघून गेला असता, हे तिला कळलं असणार. बाकावर त्या आता मागे सरून बसल्या होत्या, पाठ टेकून.

पण तिकिटाचा विषय त्या दिवशी कुणीच काढला नाही. बाहेर पडताना म्युझियमच्या दुकानातून त्यांनी एक पोस्टकार्ड घेतलं, तेच चित्र. मला वाटलं, तुम्हाला पाठवतील.

अल ऐनला परत आलो. तिकिटाच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते आणि खाटेखालून बॅग ओढल्याचा आवाज आला. अमृता दिवाणखान्यात उभी, तोंडावर हात. विहीणबाई बॅग ओढत बाहेर आल्या, तिच्यासमोरून तशाच पुढे आल्या, आणि माझ्यासमोर येऊन थांबल्या. लेकीला नाही, मला विचारलं. "विहीणबाई, त्या कपाटातला एक कप्पा मला मिळेल?"

मी म्हटलं, "एक का, चार घ्या. पण लुगडी नीट घडी घालून ठेवायची. मला पसारा चालत नाही."

"सासूच ती शेवटी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बॅगेतून तांदळाची पिशवी काढली, आमच्या डब्याचं झाकण उघडलं आणि सगळा आंबेमोहोर आमच्या बासमतीवर ओतला. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत हात घालून कालवलासुद्धा. "आता निवडत बसा," म्हणाल्या. तो भात आम्ही कितीतरी दिवस खाल्ला. एक दाणा शिजून मऊ, शेजारचा ताठ. नितीन म्हणायचा, "आई, हे काय आहे?" मी म्हणायचे, "मुकाट्यानं खा, हा चांगला झालाय." व्हिसाच्या कागदावर अमृताचं नाव लागलं. तिकीट रद्द केलं तेव्हा इरा म्हणाली, "फायनली."

त्यानंतर किती वर्षं मिळाली आम्हाला. दोघी संध्याकाळी खजुराच्या बागेत फिरायला जायचो, कढीत साखर किती यावरून भांडायचो, मालिकेतली कोणती बाई लबाड यावर पैज लावायचो. सोफ्याच्या मागे जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची त्यांनी कायमची ओढून ठेवली होती. अमृता कामावरून आली की सोफ्यावर बसायची, विहीणबाई मागून तिच्या डोक्याला तेल लावायच्या, आणि इरा आईच्या कुशीत शिरली की एक हात तिच्याही डोक्यावर. "आजी, माय हेअर," ती ओरडायची. आता कॉलेजला गेली तरी सुट्टीत आली की तिथेच येऊन बसायची. मी समोरच्या खुर्चीतून बघायचे. चित्र तेच. फरक एवढाच की हात टेकलेला.

आणि ते पोस्टकार्ड. एक दिवस मी चहाला उठले तर फ्रिजवर लावलेलं. विहीणबाईंनी त्या चित्राच्या उजव्या कडेला, पंखवाल्या पोरांच्या शेजारी, बॉलपेननं एक बाई काढली होती. गोल चष्मा, भलंमोठं कुंकू, हातात कपबशी, आणि तोंड जरा वाकडं. त्यांना काही चित्र काढता येत नव्हतं, नाक तर कानाशी गेलं होतं. पण ती मी होते, यात शंका नाही. "घ्या," म्हणाल्या, "तुमचीही सोय केली. नाहीतर म्हणाल, आम्हाला घेतलं नाही."

त्या शेवटच्या दुपारी काय झालं ते अमृतानं मला नीट सांगितलंय. वरणभात जेवल्या, ताकही मागून घेतलं. आपल्या खोलीत आडव्या झाल्या. पाय दुखतायत म्हणाल्या, म्हणून ती चेपत बसली. "शेंगा आल्या का?" असं एकदा विचारलं. मग झोप लागल्यासारखं झालं. फोन वाजत राहिला नाही, दार ठोठावावं लागलं नाही. इथल्या स्मशानात अमृतानंच अग्नी दिला. त्यावरही मिरजेत कुजबुज झाली असेल, होऊ दे. त्या शेंगांची मी दुसऱ्या दिवशी आमटी केली. कोवळ्या निघाल्या हो सगळ्या. सांगायला मात्र कुणी नव्हतं.

परवा अमृतानं परत तेच विचारलं, जबरदस्ती केली का म्हणून. मी तिचा हात धरला आणि तांदळाच्या डब्यापाशी नेलं. म्हटलं, "जिला जायचं असतं ती तांदूळ कालवते का?" तिनं झाकण उघडून आत बघितलं. मग म्हणाली, "काय घाणेरडा झाला होता ना आई तो भात," आणि हसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. संध्याकाळी पोटभर जेवली, आणि माझ्या जिवाला थंडावा मिळाला. आता तुमच्या तोंडून एक शब्द तिच्या कानावर पडला की माझं काम झालं.

तेव्हा शैलाताई, या. फोनवर नाही, समोर या. इकडे थंडीत हवा इतकी छान असते की तुमचे गुडघेसुद्धा कुरकुरणार नाहीत. ताईच्या कप्प्यातली लुगडी अजून तशीच आहेत, तुमच्यासाठी दोन बाजूला काढलीत, बाकीची तुम्ही निवडा. फ्रिजवरचं पोस्टकार्ड बघा, माझं नाक बघून हसा. मग सोफ्यामागच्या त्या खुर्चीवर बसा, पाठ टेकून बसा, पुढे अमृता असेल. तेलाची वाटी मी गरम करून देते. लवकर या. फक्त एक करा... येताना तांदूळ आणू नका.